शहाद्यात राहून जादूवर घर चालवायचं तर

शहाद्यात राहून जादूच्या प्रयोगांवर घर चालवायचा विचार असेल, तर हिशेब वर्षाचा मांडा. होतकरू जादूगार पहिल्या प्रयोगाचे चार-पाच हजार हातात पडले की त्या आकड्याला महिन्याच्या तीस दिवसांनी गुणतो आणि दुकानातली नोकरी सोडून मोकळा होतो. आपल्या भागात जादूचं काम महिन्याला तीस दिवस मिळत नाही. बारा महिनेही मिळत नाही.

कामाचं पंचांग आधी समजून घ्या. दिवाळीनंतर कापसाचा पैसा घरात येतो आणि लोक करमणुकीवर खर्च करायला लागतात. मार्गशीर्षात दत्तजयंतीपासून सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. महाशिवरात्रीला प्रकाशा इथली यात्रा. त्यानंतर लग्नसराई, आखाजी, आणि मे महिन्यातले वाढदिवस आणि बारशी. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की शुकशुकाट होतो. गणपती आणि नवरात्रात चार कामं मिळतात ती मिळतात. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या कमाईवर बारा महिने खायचं आहे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात बरेच जण उगाच सामान घेऊन धावतात. तिथे ढोल आणि बासरी यांचं राज्य असतं, तुमचा रुमाल कोण पाहणार? भोंगऱ्याला पाहुणा म्हणून जा, माणसं जोडा, काम नंतर येईल.

पावसाळ्याचे तीन महिने रिकामे जातात असं म्हणू नका. सामानाची दुरुस्ती, नव्या प्रयोगाचा सराव आणि शाळांना पत्रं हे सगळं याच दिवसांत उरकायचं. शाळेचं संमेलन डिसेंबरात असलं तरी मुख्याध्यापकांच्या डोक्यात त्याचा आराखडा गणपतीनंतर तयार व्हायला लागतो. नोव्हेंबरात भेटायला गेलात तर ऑर्केस्ट्रावाला आधीच बसलेला असतो.

आता एका प्रयोगाचा हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून पाहा. धडगावच्या एका शाळेत सात हजारांना प्रयोग ठरला. घाट चढून जायला-यायला गाडीचे अडीच हजार. मदतनीसाचे आठशे. कागद, दोर, रंग, फुगे असं जे एकदाच वापरता येतं त्याचे चारशे. दोघांचं जेवणखाण तीनशे. उरले तीन हजार. त्यातले पाचशे सामानाच्या झिजेसाठी बाजूला काढलेच पाहिजेत, कारण चांगली पेटी किंवा रिंगांचा संच मुंबई-कोलकात्याहून मागवावा लागतो आणि तो ऐन हंगामात दगा देतो. हातात अडीच हजार. असे वर्षात साठ प्रयोग झाले तर दीड लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. साठ प्रयोग मिळवणं सोपं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिली तीन-चार वर्षं दुसरा धंदा सोडू नये. मोबाईलचं दुकान, फोटोग्राफी, मंडप-साउंडचं काम, शिकवणी, काहीही चालेल. फक्त लग्नसराईत सुट्टी मिळाली पाहिजे. मंडपवाल्याशी आणि केटररशी जोडलेला धंदा सगळ्यांत बरा, कारण तारखा आधी त्यांनाच कळतात.

गाडीखर्चाकडे विशेष लक्ष द्या. शहाद्याला रेल्वे नाही. जवळची स्टेशनं दोंडाईचा आणि नंदुरबार. एसटीने जायचं तर सामान दोन पेट्यांत बसलं पाहिजे. माझा आग्रह असा की तुमचा मुख्य प्रयोग दोन पेट्यांत आणि एका मदतनीसात बसवा. पी. सी. सरकार किंवा सौराष्ट्रातल्या बगसऱ्याचे के. लाल यांच्यासारखे भव्य प्रयोग मनात भरलेले असतात हे मी जाणतो. पण त्यांच्यामागे माणसांचा ताफा, नेपथ्य, वाहनं आणि महिना-महिना एकाच शहरात चालणारी तिकीटविक्री होती. सरकार तर 1971 साली जपानच्या दौऱ्यावर असतानाच गेले. दौरा हेच त्यांचं आयुष्य होतं. माणूस कापायची पेटी टेम्पोत घालून मंदाणे-म्हसावदला नेली तर तो खर्च कोण देणार? लहान सामानातून अर्धा-पाऊण तास रंगवता येणं, हे आपल्याकडचं खरं भांडवल आहे.

पैसे कधी घ्यायचे याबद्दल बँडवाले आणि तमाशावाले आपल्यापेक्षा शहाणे आहेत. ते सुपारी घेतल्याशिवाय तारीख लिहीत नाहीत. तुम्हीही अर्धी रक्कम तारीख पक्की करताना घ्या आणि उरलेली मंचावर जाण्याआधी. प्रयोग संपल्यावर लोक टाळ्या वाजवतात, हातात हात देतात आणि खजिनदार कुठे दिसत नाही. मंडळ ओळखीचं असलं तरी नियम मोडू नका, ओळखीतच पैसे जास्त बुडतात. छापील पत्रावर चार ओळी लिहून द्या: तारीख, वेळ, किती मिनिटांचा प्रयोग, मंच आणि वीज कोणी द्यायची, पाऊस आला किंवा गावात मयत झाली तर सुपारीचं काय. गावात मयत झाली तर कार्यक्रम रद्द होणारच आणि तो व्हायलाही हवा. अशा वेळी सुपारी परत न मागता तारीख पुढे ढकलायची, एवढं आधी ठरलेलं असलं की दोन्ही बाजूंची मनं राखली जातात.

शाळा हे तुमचं सगळ्यांत भरवशाचं गिऱ्हाईक. पैसे कमी, पण वेळेवर मिळतात आणि एका शाळेतून तीन शाळांकडे नाव जातं. तिथे करमणुकीसोबत काही शिकवणारा प्रयोग मागतात. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी हवेचा दाब, चुंबक, दृष्टिभ्रम यांवरचा वेगळा प्रयोग तयार ठेवा. मुलांकडून तिकिटाचे पैसे गोळा करणार असाल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या आणि ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्या मुलांना आत बसवा, हे स्वतःहून सांगा. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. तळोदा आणि नंदुरबार इथल्या प्रकल्प कार्यालयांना अर्ज करून, कार्यक्रमाची रूपरेषा जोडून परवानगी मिळवली की एकाच फेरीत ओळीने चार शाळा करता येतात आणि गाडीचा खर्च विभागला जातो.

भाषेचा विचार न करता जादू करणारा माणूस इथे अर्धाच प्रयोग करतो. शहादा शहरात मराठी-हिंदी चालते. तापीकाठच्या गावांत अहिराणी आणि गुजरी. वर सातपुड्यात पावरी आणि भिलोरी. शिवाय खेतिया-पानसेमलकडे गेलात तर मध्य प्रदेश, निझरकडे गेलात तर गुजरात. जादूगाराचं बोलणं म्हणजे नुसती शोभा नव्हे. नजर कुठे वळवायची ते बोलण्यातूनच होतं. ‘मना हातमा काय शे?’ असं विचारलं की समोरची आजीसुद्धा पुढे सरकून हाताकडे पाहते, आणि तेवढ्यात दुसऱ्या हाताचं काम झालेलं असतं. पुस्तकी मराठीत तोच प्रश्न विचारला तर ती मागे टेकून बसते. पावरी येत नसेल तर चार वाक्यांची नक्कल करून स्वतःचं हसं करून घेऊ नका. तिथे संगीतावरचा, बिनशब्दांचा वीस मिनिटांचा प्रयोग ठेवा. तो राज्याच्या सीमेपलीकडेही तसाच चालतो.

मंच कसा मिळेल याची खात्री कधीच धरू नका. खेड्यात प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतात आणि मुलं मागे, पडद्याच्या फटीशी. म्हणून मागून दिसल्यावर उघडा पडणारा प्रयोग गावच्या यादीतून काढून टाका, नाहीतर पाठीशी भिंत असलेली जागा मागा. वाऱ्यात रुमाल उडतो, घामाने पत्ते चिकटतात, वीज जाते. बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर आणि गळ्यातला माइक स्वतःचा असावा. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा नियम देशभर आहे. म्हणून हळदीच्या रात्री डीजेनंतर तुमची वेळ लावतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. लग्नात दुपारची पंगत बसायच्या आधी पाहुण्यांच्या घोळक्याघोळक्यांत जाऊन नाणी, दोर, पत्ते यांचे हातातले प्रयोग करणं जास्त लाभाचं आहे. मंच लागत नाही, डीजेशी झगडावं लागत नाही आणि प्रत्येक घोळक्यात पुढच्या कामाचा एक माणूस भेटतो.

हल्ली प्रत्येक प्रयोगात एक मुलगा उठून ‘मला माहितीये, मी यूट्यूबवर पाहिलंय’ म्हणतो. त्याच्यावर चिडू नका आणि त्याला गप्पही करू नका. त्याला मंचावर बोलवा, तोच प्रयोग दुसऱ्या रीतीने करा, आणि शेवटी टाळ्या त्याला मिळवून द्या. एका प्रयोगाच्या दोन-तीन रीती हाताशी असणं आता चैन राहिलेली नाही, ती गरज आहे.

यात्रेत तंबू टाकून तिकीट लावायचं असेल तर महिनाभर आधी ग्रामपंचायत, पोलीस ठाणं आणि तहसील कचेरी या तिन्ही ठिकाणी जागा, वीज आणि परवान्याची चौकशी करा. नवख्याने पहिल्या वर्षी तंबू टाकूच नये असं मला वाटतं. सारंगखेड्यात आधी एखाद्या स्टॉलवाल्यासाठी गर्दी जमवायचं काम रोजावर घ्या, जागेचा अंदाज घ्या.

आता ज्या गोष्टीवर हा सगळा धंदा उभा राहतो किंवा बसतो, तिच्याकडे येतो. आपल्या जिल्ह्यात ‘जादू’ हा शब्द सगळ्यांच्या कानाला सारखा ऐकू येत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाला तो ऐकून ससा आणि टोपी आठवते. सातपुड्याच्या पाड्यावरच्या बाईला कदाचित डाकीण आठवते. दाणे पाहून भगताने कुणाचं तरी नाव घेतलं, मग त्या बाईला मारहाण झाली, गावाबाहेर काढलं, जीवही घेतला, अशा घटना नंदुरबार जिल्ह्यात पोलिसांपर्यंत पोचलेल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शहादा-धडगाव भागात याविरुद्ध वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. अशा ठिकाणी तुम्ही रिकाम्या हातातून नाणं काढता, तेव्हा काही डोळ्यांत आनंद असतो आणि काही डोळ्यांत भीती. ती भीती आपली नाही म्हणून हात झटकता येत नाहीत. ती वाढवायची नाही ही आपली जबाबदारी आहे, आणि धंद्याचं हितही त्यातच आहे. ज्या गावाला तुमची भीती वाटेल ते गाव पुन्हा बोलावणार नाही.

म्हणून प्रयोगाच्या सुरुवातीलाच, हसत-खेळत, लोकांच्या भाषेत सांगा की हे सगळं हाताचं कसब आहे, सराव आहे, माझ्यात कसलीही शक्ती नाही. यामुळे मजा कमी होते हा गैरसमज आहे. उलट लोक आव्हान स्वीकारून जास्त बारकाईने पाहतात. कवट्या, लिंबू-टाचण्या, काळ्या बाहुल्या, ‘भूत बोलावतो’ असले प्रयोग सामानातून काढून टाका. आणि एक गोष्ट कधीही करू नका: मनातलं ओळखण्याच्या प्रयोगात ‘चोर कोण’ हा खेळ. शहरात तो गमतीचा आहे. पाड्यावर प्रयोगानंतर कुणीतरी खरोखर येऊन विचारतं, माझी बकरी कुणी नेली ते सांग. तुम्ही गंमत म्हणून बोट दाखवाल आणि त्या माणसाचं घर जळेल. तसंच, अधांतरी तरंगणं किंवा गायब होणं अशा प्रयोगांत गावातल्या बाईला मंचावर घेऊ नका. नंतर तिच्याविषयी काय बोललं जाईल ते तुमच्या हाती राहत नाही. अशा वेळी गुरुजी, सरपंच किंवा पोलीस पाटील यांना बोलवा. त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही आणि लोकांना हसायलाही जास्त येतं.

कायदाही याच बाजूचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झाली, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. तथाकथित चमत्कार करून त्यातून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. करमणूक म्हणून जाहीर केलेला हातचलाखीचा प्रयोग म्हणजे चमत्काराचा दावा नव्हे. पण तुमच्या फलकावर ‘दिव्य शक्ती’, ‘तांत्रिक सम्राट’, ‘चमत्कारी बाबा’ असलं काही लिहिलं असेल, तर ते वाक्य उद्या तुमच्याच विरोधात उभं राहील. फलकावर ‘जादूचे प्रयोग – हातचलाखी आणि करमणूक’ एवढं पुरेसं आहे.

रस्त्यावर मजमा जमवणाऱ्या जुन्या खेळकऱ्यांचं अर्थशास्त्र वेगळं होतं. खेळ फुकट, आणि शेवटी जमूऱ्याकरवी ताईत, अंगठी, जडीबुटी विकायची, कमाई तिथे. तो रस्ता आता बंद समजा. औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954 साली झालेल्या केंद्रीय कायद्यात ताईत, मंत्र, कवच यांचा नावानिशी समावेश आहे. प्रयोगानंतर विकायचंच असेल तर मुलांसाठी साध्या जादूच्या पुड्या विका: एक दोर, एक पत्त्यांची ट्रिक, मराठीत छापलेली रीत. पन्नास-शंभराची ही पुडी यात्रेत चांगली जाते, आणि मूल घरी जाऊन आजीला दाखवतं की हे हाताने होतं.

प्रयोगानंतर कुणी आजारी लेकराला घेऊन येईल. दिसायला तो तुमचा मोठा सन्मान असतो. त्या क्षणी हातात राख देऊन वाटेला लावणं सोपं असतं. तसं करू नका. ‘मी खेळ करतो, औषध मला येत नाही, चला आपण दवाखान्यात जाऊ’ असं म्हणा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, रुग्णवाहिकेचा नंबर 108, हे तोंडपाठ ठेवा. शक्य असेल तर आपल्या गाडीतून सोडा.

बुवाबाजीचे प्रयोग उघड करून दाखवावेत का, यावर जादूगारांत मतभेद आहेत. हळदीच्या पाण्यात चुना पडला की लाल होतं हे कोणत्याही विज्ञान शिक्षकाला ठाऊक आहे. त्याला ‘करणीचं रक्त’ म्हणून कुणी लुबाडत असेल तर ते उघड करावंच. दुसऱ्या जादूगाराने पोटासाठी घडवलेली युक्ती मात्र त्याच्या परवानगीशिवाय फोडू नये. जिभेवर कापूर जाळणं, रसायनांनी आग लावणं हे मुलांसमोर नको. घरी जाऊन ती तेच करून पाहतात.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. पोपट, मैना, साप हे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना हातही लावायचा नाही. पांढरी कबुतरं आणि ससे पाळीव असले तरी प्रयोगात वापरायला प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि क्रूरतेविरुद्धचा 1960 चा कायदा आहेच. त्याहून मोठं कारण आपला उन्हाळा आहे. मे महिन्यात शहाद्याच्या उन्हात बंद पेटीत कबुतर किती वेळ जगेल? स्पंजचे ससे घ्या, मुलं त्यांनाही तितक्याच आनंदाने पकडतात.

कागदपत्रांत फार अडकायची गरज नाही, पण चार गोष्टी करा. पॅन कार्ड आणि स्वतंत्र बँक खातं, कारण कंपन्या आणि सहकारी संस्था कर कापून पैसे देतात आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं. उद्यम नोंदणी, ती मोफत होते. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि विमा: पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण आहे. रात्री घाटातून परतणाऱ्या माणसाने मदतनीसाचाही हप्ता स्वतः भरावा.

शिकायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. व्हिडिओतून ट्रिक कळते, उभं कसं राहायचं ते कळत नाही. महिन्यातून एकदा तरी पुणे, नाशिक किंवा सुरतेला कार्यरत जादूगाराचा पूर्ण प्रयोग पाहा, ओळख करून घ्या, चार दिवस त्यांच्या पेट्या उचला. मराठी वाचणाऱ्याने जादूगार रघुवीर यांचं ‘प्रवासी जादूगार’ वाचलंच पाहिजे. पुण्याच्या रघुवीर भोपळ्यांनी देशोदेशी प्रयोग केले, आणि पुढे मुलगा विजय व नातू जितेंद्र यांनी तेच नाव मंचावर चालवलं. एखादं नाव तीन पिढ्या टिकतं ते नुसत्या ट्रिकांवर टिकत नाही. दिलेली वेळ, स्वच्छ कपडे, ठरलेला पैसा आणि कुटुंबासह पाहता येईल असा प्रयोग, हे सगळं त्या नावात जमा झालेलं असतं.

शेवटचं काम आजच सुरू करण्यासारखं आहे. एक फाईल करा. प्रत्येक शाळेकडून तारखेसह, शिक्क्यासह प्रयोग केल्याचा दाखला मागून घ्या. वर्तमानपत्रातली कात्रणं, पत्रिका, फोटो त्यात लावा. नव्या कामासाठी ती दाखवायला उपयोगी पडतेच. शिवाय राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे. 2024 पासून महिना पाच हजार रुपये मिळतात, वयाची अट पन्नास वर्षं, उत्पन्नाची मर्यादा आहे आणि कलेच्या क्षेत्रातल्या पंधरा वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. फिरत्या कलावंतांचे अर्ज नेमके या पुराव्यापाशी अडतात. दाखला घेताना मुख्याध्यापकांना एवढंच सांगा, की त्यात ‘जादूचे प्रयोग’ या शब्दांपुढे ‘हातचलाखीची कला’ हे शब्दही लिहा.